तेरावी ओळ

मुलुंडच्या एका कॉलेजात श्रुतिकाचा सेमिस्टरभराचा प्रकल्प होता, लाजाळूवर. काम साधं, थोडं कंटाळवाणंच. बारा कुंड्या. पानावर पाण्याचा थेंब सोडायचा, पानं मिटली की वेळ लिहायची, उघडली की वेळ लिहायची. आता यात भिण्यासारखं काय आहे, सांगा. तिलाही तसंच वाटलं होतं.

चूक तिचीच. नोंदवहीत तक्ता आखताना बाराऐवजी तेरा ओळी पडल्या. शेजारच्या टेबलावरच्या प्रबुद्धला तेवढंच निमित्त हवं होतं. कुणी खांद्याला नुसता हात लावला तरी श्रुतिका अंग चोरते, हे अख्ख्या वर्गाला ठाऊक. त्याने रिकाम्या ओळीत लिहून टाकलं, 'तेरा : श्रुतिका'.

"काय रे हे? नोंदवही आहे ती."

"मग काय झालं? खरी लाजाळू तूच ना, यार."

ती हसली. पण प्रकल्प तपासणाऱ्या वनमाला मॅडमचा नियम कडक होता. पान फाडायचं नाही, खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर एक आडवी रेघ, शेजारी त्यांची सही. तिने नावावर रेघ मारली. मॅडमची सही घ्यायची मात्र राहून गेली.

सोमवारी दुपारी चार दहाला पहिली कुंडी मिटली. थेंब सोडलेला नव्हता, पंखा बंद होता. कुणी बोट फिरवत न्यावं तशी पानं टोकापासून देठापर्यंत सावकाश जुळत गेली. दुसऱ्या दिवशी दुसरी, बरोबर चार दहाला. मग रोज एक. मिटलेली पुन्हा उघडेनात. सुकलीही नाहीत, नुसती माना खाली घालून उभी. नववीवर तिने काचेचं झाकण घातलं. ती झाकणाखाली मिटली.

बारावी मिटली तेव्हा श्रुतिका वही घेऊन मॅडमकडे धावली.

"मॅडम, हे पान फाडू द्या ना..."

"फाडलंस तर प्रकल्प बाद. सेमिस्टर वाया जाईल तुझं."

"मग निदान या रेघेवर सही तरी..."

मॅडमनी वही उजेडात धरली. "कसली रेघ?"

नाव स्वच्छ होतं. रेघ नव्हती. श्रुतिकाला रडूच फुटलं.

तेराव्या दिवशी ती कॉलेजला गेलीच नाही. भांडुपच्या घरी खाटेवर घड्याळाकडे बघत बसून राहिली. तिची आई मालन शेजारीच भाजी निवडत होती.

चार दहा झाले.

आधी बोटं जुळली. ती सोडवायला गेली, सुटेनात. मग कोपरं अंगाशी आली, मान खाली गेली, पापण्या मिटल्या. आईला हाक मारायची होती... ओठही मिटले होते. घरात ओल्या मातीचा वास येत होता.

फोन वाजला. "अगं, प्रबुद्धचा आहे, उचल ना," म्हणत आईने तिच्या खांद्याला हात लावला. श्रुतिकाने आज अंग चोरलं नाही. झोपली असेल असं समजून आईनेच फोन स्पीकरवर घेतला.

"श्रुतिका, तू आत्ता लॅबमध्ये येऊन गेलीस का? तेराव्या ओळीत मिटल्याची वेळ लिहिलीय, चार दहा. अक्षर तुझं आहे... शाई ओली आहे अजून."

"ती इथेच आहे रे," आई म्हणाली.

त्याने वही जवळ ओढल्याचा आवाज आला.

"काकू... उघडल्याच्या रकान्यात आडवी रेघ मारलीय. शेजारी सही आहे. मॅडम म्हणतात, त्यांची नाही."