जोडप्याचा अर्ज

श्रुती साळवे तासभर गप्प बसली, हे तिच्या आईला सांगितलं असतं तर तिनेही विश्वास ठेवला नसता. पण गृहपाठच तसा होता. बेलापूरच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, उण्यापुऱ्या चौदा विद्यार्थ्यांचं ते कॉलेज. परक्या मुलखात, परक्या लोकांत राहून ख्रिस्ताची सेवा कशी करायची, ते तिथे दोन वर्षं शिकवत. पहिला धडा ऐकण्याचा. जवळच्या दिवाळे गावच्या जेट्टीवर जायचं, अनोळखी माणसाजवळ बसायचं, तो बोलेल ते ऐकायचं. आपण चकार शब्द काढायचा नाही.

जाळ्यांच्या ढिगाशेजारी एक सावळा तरुण बसला होता. डोळे असे, की... असो. श्रुती त्याच्याजवळ टेकली नि वाट बघू लागली. तो हसला. ती हसली. सुकत घातलेल्या बोंबलांवरून वारा आला, तिची ओढणी दोनदा त्याच्या हातावर गेली, त्याने दोनदा अलगद सोडवून दिली — पण बोलेल तर शपथ.

तासाभराने मासळीची पाटी घेऊन निघालेल्या तिथल्या कोळीण जयमालाबाई थांबल्या. "भांडन झालाय काय गो तुमचा? कवापासून बघतंय मी, एक शब्द नाय."

"आमची ओळखच नाही," दोघं एकदम म्हणाले, आणि एकमेकांकडे बघतच राहिले.

"तू... तिसऱ्या मजल्यावरची?"

"म्हणजे तू इथला नाहीस?"

"केतन भिंगारदिवे. सकाळीच आलोय नगरहून. उशिरा ॲडमिशन मिळाली, आणि आल्या आल्या हाच गृहपाठ."

गृहपाठात दोघं सपशेल नापास. पण परतताना श्रुतीने तासाभराचं राहिलेलं बोलणं व्याजासकट भरून काढलं, आणि केतन ऐकत चालला. पुढची दोन वर्षं तो तसाच ऐकत राहिला, आणि ती कधी त्याच्या प्रेमात पडली ते फक्त तिलाच ठाऊक.

शेवटच्या महिन्यात भरायला अर्ज आले. कुठे जाणार, आणि का? श्रुतीचं केव्हाच ठरलं होतं — मंगोलिया. जालन्याच्या उन्हात वाढलेली पोरगी उणे तीसमध्ये निघाली होती, आणि तिला त्याची काडीची भीती नव्हती. भीती होती ती केतनची. तो आला नाही तर त्याची साथ सुटेल. आणि निव्वळ तिच्यासाठी 'मलाही देवाने बोलावलंय' असं लिहून आला, तर... असल्या हाका सहा महिन्यांत विरतात, मग घरात एकमेकांवर खापर फुटतं. परत आलेली अशी दोन जोडपी तिने पाहिली होती.

अर्ज तपासणाऱ्या नंदकुमार सरांकडची मुलाखत आटोपून केतन बाहेर आला. "नामंजूर."

"कुठलं लिहिलंस?"

"मंगोलिया."

श्रुतीचं डोकंच फिरलं. "माझ्यामागे? तेही देवाच्या नावावर?"

"त्याचं नाव मध्ये कशाला घालू?" त्याने अर्ज पुढे केला.

कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मला हाक आलेली नाही. श्रुती तिथे चालली आहे आणि मला तिच्याशिवाय राहायचं नाही. वायरिंगची कामं करीन, भाषा शिकेन.' खाली सरांचा शेरा, 'प्रामाणिक. पण हा अर्ज एकट्याचा आहे.'

श्रुतीने ते दोनदा वाचलं. गोड खोटं लिहिणं किती सोपं होतं, आणि त्याने ते लिहिलं नव्हतं. या माणसाबरोबर आपलं निभेल, हे तिला स्वच्छ कळलं.

"ऑफिसात जोडप्याचा वेगळा अर्ज मिळतो," ती म्हणाली.

"म्हणजे..."

"म्हणजे मी लग्नाचं विचारतेय. माझं प्रेम आहे तुझ्यावर, पहिल्या आठवड्यापासून. तिथली थंडी सोसेल तुला?"

केतनने खरोखर विचार केला. "नाही सोसणार," तो म्हणाला. "पण तुझ्याशिवाय इथे राहणं... ते तर मुळीच नाही."

श्रुतीने त्याचा हात धरला आणि सरांचं दार ठोठावलं.