मधल्या तासाची बाई

संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. तात्याबा रिक्षावाले ही गोष्ट सांगतात तेव्हा घड्याळापासूनच सुरू करतात. घरोघरी आजाऱ्यांची देखभाल करायला बायका पाठवणाऱ्या सेवा केंद्रात कामाला लागलेल्या नव्या पोरी अंधार पडल्यावर त्यांच्या रिक्षात दाटीवाटीनं बसतात, आणि एखादी म्हणतेच, "तात्या, रेश्माताईचं सांगा की." मग ते बिडी विझवतात आणि सांगतात.

तर सात दहा. गेल्या पौषातला मंगळवार. शहरात गड्ड्याची जत्रा चालू होती, गार वारं सुटलं होतं. सात रस्ता चौकाच्या मागच्या गल्लीत रेश्मानं जोतीराम गुरुजींच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं, किल्ली मीटरच्या पेटीत ठेवली आणि ती निघाली. घरी आठ महिन्यांचा अजिंक्य होता. संध्याकाळी आई दिसेपर्यंत तो रडून घर डोक्यावर घ्यायचा.

गुरुजी मूळचे मंगळवेढ्याचे, शाळेतून निवृत्त. कमरेखालचं अंग गेलेलं. मुलगा बंगळुरूला. गुरुजींना तिकडं जायचं नव्हतं. "माझ्या घरी मी राहणार," एवढंच म्हणायचे. म्हणून केंद्रानं दोन बायका लावल्या होत्या. दिवसा रेश्मा, रात्री वैजयंती. दर दोन तासांनी गुरुजींची कूस बदलायची, नाहीतर पाठ सोलवटते. बदलली की वहीत लिहायचं.

रात्रपाळी खरं तर सातलाच सुरू व्हायची. पण वैजयंती मोहोळहून एसटीनं यायची, तिला आठ वाजायचे. रेश्माला बाळासाठी सातला निघायचं असायचं. दोघींनी आपसात ठरवलं, हाफिसात कळायला नको. साडेसातची कूस रेश्मा जाण्याआधीच वहीत लिहून ठेवायची, 'उजवी', आणि खाली सही. मनात म्हणायची, वैजयंती आली की वळवेलच.

त्या दिवशी सात रस्त्याच्या चौकात तिचा फोन वाजला.

"ताई, गाडी लेट हाय," वैजयंती म्हणाली. "सव्वाआठ होतील बगा."

"बरं. आल्या आल्या तेवढी त्यांची कूस बदल."

"ती कशाला? तुमी बदलूनच जाता की रोज. मागं उशी किती छान लावता, मला आल्यावर काय करावंच लागत न्हाय."

रेश्मा रस्त्याच्या कडेला थांबली.

"मी... डाव्या कुशीवर ठेवून येते, वैजू."

"चेष्टा करता व्हय? रोज उजवीवर असत्यात."

तीन महिने. दोघी एकमेकींच्या भरवशावर होत्या, आणि काम करत होतं तिसरंच कोणीतरी. कुलूपबंद घरात.

कोणी चोरून आत येतं का? म्हाताऱ्या माणसाला काही झालं तर? बाळाचं रडणं कानात घेऊनच रेश्मा मागं फिरली.

सात अठ्ठावीसला ती खिडकीपाशी पोचली. दाराला कुलूप तसंच. पडद्याआड लहान दिवा. आत लोखंडी खाट करकरली.

मग गुरुजींचा आवाज. "हळू... हां... बास."

रेश्मानं पेटीतून किल्ली काढली. कुलूप निघालं. दार उघडलं.

आत कोणी नव्हतं.

गुरुजी उजव्या कुशीवर होते. पाठीमागं उशी. गुडघ्यांच्या मधे घडी घातलेली चादर. परीटघडी.

"गुरुजी... कोण होतं?"

"मधल्या तासाची बाई," ते सहज म्हणाले. "तुम्ही दोघींनी नेमली ना? पाठीमागूनच वळवते, तोंड दिसत नाही. बोलत नाही कधी. हात फार गार असतात. पण ती येते म्हणून हा तास सरतो गं. तू कुलूप लावून गेलीस की घर केवढं मोठं होतं, तुला नाही कळायचं."

इथं रिक्षातली एखादी पोर तात्याबांचा दंड धरते. "भ्या वाटतंय, तात्या."

"मग उतर की, चालत जा," तात्याबा म्हणतात. पोर जागची हलत नाही.

त्या रात्री रेश्माला घरी सोडलं ते तात्याबांनीच. वाटेत तिनं सगळं सांगितलं. तात्याबांनी रिक्षा कडेला घेतली.

"तुज्या आदी तितं महादेवी होती," ते म्हणाले. "अक्कलकोटकडची, कपाळाला रोज विभूतीची तीन बोटं ओढायची. तीबी सातलाच निघायची, घरी तान्हं होतं. दिवाळीच्या आदी एका संध्याकाळी घाईत रस्ता वलांडत हुती... ट्रक आला. घरी पोचलीच न्हाय बग. लेकराला महादेवीची आई घेऊन गेली."



दुसऱ्या दिवशी तिनं ठरवलं, वैजयंती येईपर्यंत हलायचं नाही. सासूला, रंभाबाईंना, सांगून आली की उशीर होईल. रंभाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण नातवाला मांडीवरून खाली ठेवत नसत.

सात वाजले. सव्वासात. खाटेशेजारी स्टुलावर रेश्मा बसून. साडेसातला तिनं स्वतःच्या हातानं गुरुजींना वळवलं, उशी लावली. दाराकडं बघत राहिली.

कोणी आलं नाही.

गुरुजीही दाराकडंच बघत होते.

"आज ती नाही यायची," ते म्हणाले. "तू आहेस ना इथं."

"मग ती कुठं जाईल, गुरुजी?"

गुरुजींनी तिच्याकडं पाहिलं. "घरी लेकरू आहे ना तुझं?" त्यांनी विचारलं.

आणि रेश्माला एकदम पान्हा फुटला. पोलकं ओलं झालं.

तिनं घरी फोन लावला. रिंग गेली. कोणी उचलला नाही. परत लावला. रिंग गेली... गेली... बंद झाली. उठून दारापर्यंत आली. मागं गुरुजी. त्यांनी 'थांब' म्हटलं नाही. नुसते बघत राहिले. कुलूप तिच्या हातात होतं.

ती परत स्टुलावर बसली. रडत बसली.

आठ वाजून पाच मिनिटांनी वैजयंती आली. रेश्मा चप्पल न घालताच धावली. तात्याबांची रिक्षा चौकात होती. घरी पोचायला साडेआठ. तात्याबा तिच्या मागोमाग दारापर्यंत गेले.

घरात चिडीचूप.

रंभाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "आता कोन? रेश्मा? अगं, मगाशी तर यिऊन गेलीस."

"मी...?"

"साडेसातला. लेकराला माज्या मांडीवरनं उचललंस, पाजलंस. मला नीट दिसत न्हाय, पर बाईची चाहूल कळती की. हाक मारली तर ओ न्हाय. फोन वाजला तर म्हनलं तूच घेशील. आन हात किती गार गं तुजा!"

बाळ पाळण्यात होतं. शांत झोपलेलं. पोट भरलेलं, ओठाच्या कडेला दूध.

त्याच्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढलेली होती.

रेश्माच्या घरात विभूती नाही. आसपास कोणाच्याच घरात नाही. पाण्यात कालवून लावलेली विभूती वाळायला दोन मिनिटं लागत नाहीत. आणि साडेसातला येऊन गेलं म्हणावं, तर आता साडेआठ होऊन गेले होते.

रेश्मानं बोट टेकवलं.

ओली होती.

तात्याबा इथं थांबतात. रिक्षा सुरू करायच्या आधी एवढंच म्हणतात, "पोरीनो, ज्या घरी जाल तितं सांगा, हाफिसात सांगा, तुमच्या घरीबी सांगा. त्यो मधला तास मोकळा सोडू नका. म्हाताऱ्याच्या घरी न्हाय, आन लेकराच्याबी न्हाय. तितं जिवंत मानूस ठेवा. येवढं फुडं सांगा."