सहा घरांच्या किल्ल्या

"या घराचा वारस आजही इथेच राहतो," तिने भरात येऊन ठोकून दिलं, आणि नेमका तेव्हाच एक तरुण बाल्कनीत आला. हातात झारी, अंगात पांढरा सदरा. खालच्या घोळक्याकडे बघून त्याने अदबीने मान झुकवली. लोकांनी फोटो काढले. तिला उगाचच लाजल्यासारखं झालं.

शहरातल्या सगळ्यात महागड्या रस्त्याचा इतिहास सांगत पर्यटकांना फिरवणं हे तिचं काम. कोणतं घर जहाजवाल्याने बांधलं, कोणतं पत्त्यांच्या डावात गेलं, सगळं तोंडपाठ. दुसऱ्या दिवशी ती जहाजवाल्याच्या घरासमोर थांबली, तर खिडकीत... तोच! पडदे सरकवत होता. तिसऱ्या दिवशी तो भलत्याच दारात पायपुसणं झटकत होता. घोळका रोज नवा म्हणून बरं, नाहीतर ती तोंडघशीच पडली असती.

"एकूण घरं किती तुमची?" तिने त्याला गाठलंच.

"किल्ल्या सहा घरांच्या. घर एकही नाही," तो हसला. "मालक वर्षाकाठी आठवडाभर येतात. एरवी मी दिवे लावतो, झाडांना पाणी घालतो. आत कुणीतरी आहे असं वाटायला हवं ना!"

"म्हणजे सगळी रिकामी?"

"मोठं घर, पोकळ वासा."

"आणि मी तुम्हाला वारस करून टाकलं!"

"ऐकलं की. आमच्या घराण्यात एवढा मान पहिल्यांदाच मिळाला."

तिला राग यायला हवा होता. आला नाही.

मग ती ज्या घरापुढे थांबे, त्याच घराच्या खिडकीत तो हजर. ती हमखास एखाद्या सनावर अडखळायची. तो हे मुद्दाम करायचा, तिलाही ते हवं असायचं, आणि दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हती.

एका संध्याकाळी तो म्हणाला, "उद्या माझा शेवटचा दिवस. दिवे आता मालकांच्या फोनवरून लागणार."

"अच्छा," ती म्हणाली. घरी जाऊन तिने स्वतःला लाख शिव्या घातल्या. त्याचा पत्तासुद्धा तिच्याकडे नव्हता. उद्या तो गेला की गेलाच.

दुसऱ्या दिवशी तो कुठल्याच खिडकीत दिसला नाही. किल्ल्या परत करून तो तिच्या नकळत घोळक्याच्या मागे येऊन उभा राहिला होता.

"सध्या कोण राहतं गं इथे?" एका आजींनी विचारलं.

तिने नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मिटलं. "कुणी नाही, आजी. एक जण दिवे लावायला यायचा. मला तो फार आवडतो... त्याला सांगायचं राहूनच गेलं."

इतिहास ऐकायला आलेल्या आजी एकदम कान टवकारून पुढे सरकल्या.

"राहतो कुठे तो?" मागून आवाज आला. त्याचाच.

"पत्ता नाही माझ्याकडे," ती त्याच्याकडे बघत म्हणाली.

"नदीपलीकडे, तिसऱ्या मजल्यावर एक खोली आहे." तो वाट काढत पुढे आला. "खिडकी एकच. पण तिथे दिवा दिसला, की आत खरंच माणूस असतो. संध्याकाळी... चहाला येशील?"

ती हातातला मार्गदर्शकाचा झेंडा उगाचच गुंडाळू लागली. आजींनी तो काढून घेतला.

"अगं, हो म्हण ना बाई! किती वेळ उन्हात उभं ठेवणार आहेस आम्हाला?"

"हो," ती म्हणाली.