मी वाजवते!

"अगं बाई, केवढा हा नगारा! मागचा माणूस दिसतसुद्धा नाही."

वृंदा हे बिनधास्त मोठ्यानं म्हणाली. कलकत्त्यात येऊन दोन महिने झाले होते तिला. मराठीत काहीही बोलावं, इथं कुणाला ओ की ठो कळत नाही, याची तिला सवयच झाली होती. पण हातरिक्षातून उतरणारा तो नगारा थबकला... आणि त्याच्याआडून एक कुरळं डोकं वर आलं. झुबकेदार मिशी, गळ्यात लाल रुमाल, आणि डोळे — काय सांगावं, नुसते हसत होते.

"नगारा नाही, ड्रम आहे. मी वाजवते!"

वृंदानं आधी मागं वळून पाहिलं. ही कोण बाई बोलली? मग डोक्यात प्रकाश पडला आणि ती खो खो हसत सुटली.

"वाजवते?"

"हो. रोज वाजवते. तू कुठून आलास?"

आता तर तिला हसू आवरेना. शेवटी तिची मराठी शेजारीण लीना मध्ये पडली. लीना जन्मापासून कलकत्त्याची, सगळ्यांना ओळखणारी. "अगं, हा गुरुदत्त. ह्याचे बाबा हा लहान असतानाच गेले. घरात मराठी बोलायला फक्त आई. आई स्वतःला 'मी येते' म्हणते, ह्याला 'तू आलास' म्हणते. ह्यानं ते जसंच्या तसं उचललं!"

"आई ह्याची चूक कधी सुधारत नाही?" वृंदानं विचारलं.

"आईला गोड वाटते," गुरुदत्त म्हणाला, आणि ड्रम उचलून चालू लागला.

चौऱ्याहत्तरचा जानेवारी. कॉलेजच्या मैदानावर शनिवार-रविवार बँडचा जलसा होता आणि लीनानं तिला अक्षरशः ओढत आणलं होतं. वृंदाचा जीव या शहरात रमतच नव्हता. वडिलांची बँकेतली बदली, म्हणून आलेली ती. आता श्याममामा पुण्याहून तिला न्यायला आला होता, गाडी सोमवारची. "जातेस की राहतेस, रविवारी संध्याकाळी सांग," एवढंच वडील म्हणाले होते. त्यात सांगायचं काय? पुणे!

...पण मग गिटारच्या तारेला पहिला हात लागला, आणि वृंदाच्या पायाखालची जमीन थरथरली. खरंच थरथरली हो! आजवर गाणं म्हणजे रेडिओतून येऊन कानापाशी थांबणारं. हे पोटातून वर येत होतं. बेलबॉटमवाली पोरं नाचत होती, शालीतले प्रोफेसर माना डोलवत होते, आणि सगळ्यांच्या वर, मंचावर मागं, तो कुरळ्या केसांचा मुलगा दोन्ही हातांनी वीज पाडत होता. मैदान ओरडत होतं, "गुरु! गुरु!"

"एवढ्या लोकांना ह्यानं शिकवलंय?"

"वेडाबाई, इथं जो आवडतो त्याला गुरु म्हणतात," लीना हसली. "ह्याचं तर नावच ते!"

मध्यंतरात तो मातीच्या कुल्हडात चहा घेऊन आला. थेट तिच्याकडेच.

"चहा खाणार?"

"चहा पितात!"

"मराठी फार कठीण," तो गंभीरपणे म्हणाला. "तू शिकवशील मला?"

"मी सोमवारी पुण्याला चाललेय. कायमची."

त्याचा चेहरा असा काही उतरला, की वृंदा चहा प्यायचीच विसरली. "मग... उद्या येशील?" त्यानं विचारलं.

"येईन," ती म्हणाली. इतक्या पटकन, की तिची तीच लाजली.

रविवारी श्याममामाही आला. पोरगी कुठल्या गोंगाटात जाते ते बघायला. कानांत कापसाचे बोळे घालून बसला होता बिचारा. ऊन उतरलं, गारवा वाढला, गुरुदत्तचा बँड ऐन रंगात आला आणि — वीज गेली! गिटार मुकी. माईक मुका. गायकाचे नुसतेच ओठ हलत राहिले. "धत्!" मैदान एका आवाजात कळवळलं.

ड्रमला मात्र वीज लागत नव्हती. गुरुदत्त थांबला नाही. एक ठेका, तोच ठेका, शांतपणे... कुणीतरी टाळी धरली. मग रांगेनं धरली, मग मैदानानं. अर्धवट तुटलेलं गाणं लोकांनीच गुणगुणायला घेतलं, आणि हजारो गळ्यांतून ते उठलं तेव्हा वृंदाच्या अंगावर सर्रकन काटा आला. मैदानाच्या कडेचा संत्रीवाला गात होता. लीना गात होती. ज्या शहराला ती दोन महिने नाकं मुरडत होती, ते अख्खं शहर त्या दोन हातांच्या तालावर गात होतं, आणि आपण मध्ये उभ्या आहोत! देवा, हे खरंच घडतंय ना? तिचे डोळे घळघळ वाहू लागले. पुसायचंही तिला सुचलं नाही.

मामानं कानातले बोळे केव्हाच फेकले होते. "अफाट!" तो टाळ्या पिटत ओरडत होता. "अफाट आहे पोरगा!"

दिवे आले तेव्हा ती मंचामागं धावली. तो घामानं निथळत होता, तळहात सोलवटले होते.

"उद्याच जाणार?"

ती त्याच्या सोललेल्या तळहातांकडे बघत राहिली.

त्यानं ड्रमच्या काठ्या खाली ठेवल्या. "वृंदा... तू मला आवडतोस."

हसू यायला हवं होतं. आलं नाही. "आवडतेस," ती कसंबसं म्हणाली. "मुलीला 'आवडतेस' म्हणतात."

"मग 'आवडतोस' कधी म्हणायचं?"

"ते... मुलीनं मुलाला म्हणायचं असतं."

"कसं? म्हणून दाखव ना."

लबाड कुठला! तिनं मान वर केली. त्याचे डोळे आज हसत नव्हते. वाट पाहत होते.

"वृंदे!" मामा शोधत शोधत येऊन ठेपला. "चल लवकर. बाबांना काय सांगायचं? उद्या तू येतेस ना?"

"नाही, मामा. मी इथंच राहणार."

मामाचा आ वासलेलाच राहिला. वृंदानं तिकडं पाहिलंही नाही.

"तू मला आवडतोस," ती गुरुदत्तला म्हणाली, अगदी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. "कळलं? फार आवडतोस."