किटलीवरची गार जागा

आमच्या बेरिसो गावात दोन माणसं भेटली की आधी किटली चढते, मग बोलणं. मयताच्या घरीही. त्यामुळे एर्मेलिंदाबाईंच्या घरी तपास करताना आम्हा ठसे घेणाऱ्या पोलिसांना येर्बाच्या कडू चहाची तलफ आली, यात नवल नव्हतं.

बाईंचा गळा दाबलेला. मुलगा रुफिनो अटकेत. तो एकच सांगत होता, "मी निघालो तेव्हा आईजवळ एक परका माणूस होता. किटलीवर हात शेकत बसलेला. बोटावर आडवा व्रण होता त्याच्या."

किटली अंगणात सापडली, बर्फासारखी गार. गार धातू घरात आणला की त्यावर दव धरतं आणि ठसे उठवायची भुकटी मारल्यावर ठशाचा चिखल होतो. म्हणून तिचा गारठा सावकाश जावा, अशा बेताने मी ती विझलेल्या शेगडीवर ठेवली. बाकीच्या खोल्या तपासून कुडकुडत परतले आणि हाताच्या सवयीने किटलीत पाणी ओतून शेगडी पेटवली.

माझा सहकारी बायगोरिया दोन घोट पिऊन थबकला. "नेलिदा, ही कुठली किटली गं?"

तापलेल्या धातूवरून बोटांचा घाम केव्हाच उडून गेला होता. भुकटीला धरायला काही उरलं नव्हतं.

"ठसे नव्हतेच म्हणायचं," तो म्हणाला. "आपली नाचक्की कशाला?"

अहवालात मी तसंच लिहिलं. कोठडीत रुफिनोने आशेने विचारलं, "सापडला ना ठसा?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मग घरी माझ्या किटलीवर एक जागा गार राहू लागली. पाणी खळखळायचं, पण चार बोटांएवढ्या पत्र्यावर दव तसंच. नवी किटली आणली. तिच्यावरही तेच.

शेवटी तिथे भुकटी मारली. ठसे स्वच्छ उठले. तर्जनीवर आडवा व्रण.

मला रडू फुटलं. किटली उचलून थेट न्यायाधीशांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं.

"बाई, ही तर तुमच्या घरची किटली," ते म्हणाले. "आधी तुमचे ठसे घेऊ. ते वगळू. मग बघू."

रीतच आहे ती.

कारकुनाने माझी तर्जनी शाईवरून फिरवली, कागदावर टेकवली. थांबला. पुसून पुन्हा टेकवली.

मी बोट पाहिलं. साधा ओरखडासुद्धा नव्हता.

कागदावर मात्र सगळ्या रेषा कापत गेलेली आडवी पांढरी ओळ होती.

"हात किती गार आहेत हो तुमचे," कारकून म्हणाला आणि माझं बोट त्याने सोडून दिलं.