मागचं दार

वसंतात घर विकायचं तर तयारी ऐन थंडीत सुरू करावी, हे दलालाचं म्हणणं शिवणकाम करणाऱ्या त्या बाईला मनापासून पटलं होतं. वस्तीच्या टोकाचं हे घर गेलं की बाजारपेठेत खाली दुकान, वर दोन खोल्या, असं ठरलं होतं. दारोदार फिरून मापं घेणं संपणार होतं. नवरा बस चालवायचा, दिवेलागणीनंतर परतायचा. म्हणून खरवडणं, घासणं, रंगवणं सगळं तिच्याच गळ्यात. पण ती ते गुणगुणत करायची.

"स्वयंपाकघराचं मागचं दार मोकळं करा, ताई," दलाल म्हणाला होता. "माणूस भिंती बघायला येतो, पण भुलतो उजेडाला."

ते दार आधीच्या मालकाने कायमचं बंद केलेलं. फटींत, बिजागऱ्यांवर, कडीवरसुद्धा रंगाचे थर. तिने दुपारभर पातं चालवलं, तेव्हा कुठे दार कण्हत उघडलं. बाहेर करपलेलं गवत, त्यापलीकडे गोठत आलेलं तळं. उजेड मात्र खरंच भरभरून आत आला.

दुसऱ्या संध्याकाळी फरशीवर ओली पावलं दिसली. अनवाणी, बाईमाणसाची असावीत. उंबऱ्यापासून आत आलेली. परत गेलेली नाहीत.

"अहो, मागून कुणी आलं होतं का?" तिने रात्री जेवताना विचारलं.

"या थंडीत, अनवाणी?" नवरा हसला. "रोज येणार असेल तर भाडं लावू की."

पावलं रोज येऊ लागली. कडी घातली तरी. दिवस मावळायला लागला की तळ्यातल्या चिखलाचा गार वास सुटायचा, आणि पावलं आदल्या दिवसापेक्षा चुलीच्या थोडी जवळ जाऊन थांबायची. ती मुकाट्याने पुसून घ्यायची. बाजारात एकदा बोभाटा झाला असता तर हे घर कुणी फुकटातही घेतलं नसतं.

शेवटी तिने रंगाचा डबा काढला. दार होतं तसं बुजवून टाकायचं. कुंचला फटीला लावणार, तोच तो वास आला. मागे वळून बघते तर फरशीवर एक पाऊल उमटलं. मग दुसरं... सावकाश, जड, ओझं घेऊन चालल्यासारखं. चूल विझलेली होती. पावलं चुलीसमोर थांबली.

"कोण आहे?..."

दात वाजल्याचा बारीक आवाज आला.

ती दाराला पाठ लावून उभी राहिली. पण दात कुडकुडतात ते थंडीने, हे तिला कळत होतं. कुंचला खाली ठेवून तिने चूल पेटवली. खांद्यावरचा टॉवेल फरशीवर पसरला.

"पाय पुसा," ती पुटपुटली. "बसा इथे... ऊब घ्या."

आणि तिने डोळे घट्ट मिटले. कापड सळसळलं. चुलीतलं लाकूड तडतडलं. कुणीतरी लांब श्वास सोडला, दिवसभर चालून आलेलं माणूस सोडतं तसा.

डोळे उघडले तेव्हा चिखलाचा वास गेला होता. टॉवेल व्यवस्थित घडी घालून ठेवलेला. तिने घडी उलगडली. आत चिखलाने उमटलेली पावलं होती. दोन मोठी. आणि त्यांच्या पुढ्यात दोन अगदी चिमुकली, नुकतीच कडेवरून खाली ठेवल्यासारखी.

त्यानंतर फरशी कोरडी राहिली. दार तिने पांढरंशुभ्र रंगवलं, पण उघडंच ठेवलं.

वसंतात घर बघायला आलेलं पहिलंच जोडपं स्वयंपाकघरात रेंगाळलं. "इथून हलावंसंच वाटत नाही," बायको म्हणाली. सौदा तिथेच ठरला.

आता दुकान छान चालतं. नवरा सुट्टीच्या दिवशी गिऱ्हाइकांना कापडं उलगडून दाखवतो, थट्टामस्करी करतो. वरच्या गच्चीत दिवसभर कडक ऊन असतं. धुतलेले कपडे तासाभरात वाळतात.

टॉवेलवरचा चिखल पहिल्याच धुण्यात निघाला. पण टॉवेल दोरीवर घातलाय त्या दिवसापासून अजून ओलाच आहे.