पाचव्या चवीची आमटी

आमच्या घरात पापड चोरीला जात होते आणि चोर एक शास्त्रज्ञ होता.

हा शास्त्रज्ञ म्हणजे माझे आजोबा, डॉ. विश्राम कुबल. वेंगुर्ल्याजवळ समुद्रावर तरंगणारी आमची वसाहत आहे. तिथे आजोबांनी सगळं आयुष्य शेवाळांचा अभ्यास करण्यात घालवलं. आता सत्तरी ओलांडल्यावर त्यांना चंद्रावरच्या तळावर शेवाळाची टाकी उभारायला बोलावणं आलं होतं. अडचण एकच होती, त्यांचा रक्तदाब.

"मीठ निम्म्यावर आणा," डॉक्टर पेंढारकरबाईंनी बजावलं होतं. "पुढच्या तपासणीत दाब उतरला नाही, तर तुमची जागा दुसऱ्याला जाईल. आणि जेवण टाकून वजन घटवलंत, तरीसुद्धा."

हे सगळ्यांत जास्त मनावर घेतलं ते बल्लवने. बल्लव हा आमचा स्वयंपाकी यंत्रमानव. विराटाच्या मुदपाकखान्यात भीमाने घेतलेलं नाव आईने त्याला दिलं. पण भीमाला निदान भूक लागायची. आमच्या बल्लवला जीभच नाही. त्याच्या बोटात एक संवेदक (पदार्थात काय किती आहे ते मोजणारं साधन) आहे. तो प्रत्येक वाटीत बोट बुडवून मीठ मोजायचा. लोणच्याच्या बरणीला त्याने कुलूप घातलं आणि पापडाच्या डब्यावर स्वतः पहारा ठेवला. तरी पापड कमी होतच होते.

आजोबा पानावर बसायचे, दोन घास खायचे आणि उठायचे. "ही आमटी नाही रे, हळदीचं पाणी आहे." त्यांचा सदरा अंगावर लोंबायला लागला. खरं सांगायचं तर, आजोबा चंद्रावर जायला मला नकोच होते. इतक्या लांब कोणी आजोबा पाठवतं का? पण असे उपाशी, रुसलेले आजोबा मला त्याहून नको होते.

मिठाशिवाय जेवणाला चव आणायची कशी? मी लिंबू पिळून पाहिलं, आईने चिंच घातली. आमटी आंबट झाली, चविष्ट झाली नाही.

"गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट," बल्लव म्हणाला. "रस सहाच आहेत, ऋजुता. सातवा शिल्लक नाही."

त्याच आठवड्यात मोरिताआजींचं खोकं आलं. त्या आजोबांच्या जुन्या सहकारी, जपानच्या उत्तर टोकाला राहतात. खोक्यात काळपट, कडक पट्ट्या होत्या, त्यांच्यावर पांढरी भुकटी होती, आणि लाकडाच्या ढलप्यासारखं काहीतरी होतं. आजोबा वसाहतीतल्या शेवाळाच्या टाकीवर गेले होते. बल्लवला जगातल्या सगळ्या भाषा वाचता येतात, पण स्वयंपाकातलं आपल्याला कोणी शिकवावं हे त्याला पटत नाही. त्याने सूचनांकडे पाहिलंसुद्धा नाही.

पट्ट्यांवरची भुकटी त्याला बुरशी वाटली. चार पट्ट्यांवरची त्याने काथ्याने घासून घासून काढली. मग त्या पट्ट्या कुकरमध्ये घालून शिट्ट्या काढल्या आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी दिली. ढलपा त्याने स्वयंपाकघराच्या दाराखाली पाचर म्हणून ठोकला. ते दार नेहमी आपोआप मिटायचं.

आजोबा आले, घोट घेतला आणि डोळे मिटून घेतले. वाटीतलं बुळबुळीत पाणी तारेसारखं ओघळत होतं. रागावले की आजोबा मालवणीत शिरतात. "ह्यां काय केलंस रे बल्लवा? ह्यां पिऊन रक्तदाबाबरोबर मीपण खाली जातलंय!"

मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. ते खाली बसले आणि पोट धरून हसायला लागले. किती दिवसांनी हसले ते!

"अगं ऋजू, हे लाकूड नाही, मासा आहे," ते म्हणाले. "बांगड्याच्या नात्यातला. उकडायचा, धुरी द्यायची, महिनोन्‌महिने वाळवायचा, की असा दगड होतो. आणि ह्या पट्ट्या म्हणजे कोंबू नावाचं शेवाळ. दोघांचं मिळून जे कढण होतं, त्याला दाशी म्हणतात. पुरणाच्या डाळीचा कट काढून आपण आमटी करतो ना? तसा हा समुद्राचा कट."

"पण त्यात मीठ नसेल तर चव कुठून येणार?" मी विचारलं.

"शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका जपानी शास्त्रज्ञाला हाच प्रश्न पडला. त्याने कोंबूच्या पाण्यातून ग्लुटामेट (प्रथिनांच्या घडणीत असणारा एक घटक) वेगळं काढलं. ते जिभेला लागलं, की जी भरीव, तोंडात रेंगाळणारी चव येते, तिला त्याने उमामी म्हटलं. पिकलेल्या टोमॅटोतही ती असते."

"म्हणजे सातवा रस," मी बल्लवकडे बघून म्हटलं.

"विज्ञानाच्या हिशेबात पाचवी चव. तिखट ही चव नाही, ती जिभेची आग आहे. आणि तुरट म्हणजे तोंड आवळल्याची जाणीव."

बल्लवने लोणच्याच्या बरणीचं कुलूप उगाचच ओढून पाहिलं. त्याला फार लागलं असावं.

"आता गंमत बघ," आजोबांनी दाराकडे बोट दाखवलं. "जिभेवर स्वादग्राही (चव ओळखणारे सूक्ष्म रेणू) असतात. ग्लुटामेट तिथे येऊन दार उघडतं, पण दार लगेच मिटतं. सुक्या माशात इनोसिनेट नावाचा दुसरा एक घटक असतो. तो पाचर मारतो, दार उघडंच राहतं. म्हणून दोघं एकत्र आले, की चव दुप्पट नाही, कित्येक पट वाढते. मग मीठ कमी पडलं तरी जीभ कुरकुरत नाही."

चातुर्मासात मासे न खाणाऱ्या आईने लगेच विचारलं, "मग आम्ही काय करायचं?"

"सुक्या अळंब्या घाला. त्यांतही तशीच पाचर असते."

ढलपा स्वच्छ धुऊन आजोबांनी वरचा थर तासून टाकला. मग आतले पातळ काप काढले. खोक्यात उरलेल्यांपैकी एक पट्टी मी नुसती ओल्या फडक्याने पुसली, कारण पांढऱ्या भुकटीतच चव असते. ती गार पाण्यात भिजवली आणि मंद आचेवर ठेवली. तळाशी बुडबुडे दिसताच पट्टी बाहेर काढली. खळखळ उकळली, की ती बुळबुळीत आणि कडवट होते. मग पाण्याला उकळी आणून आच बंद केली, माशाचे काप टाकले, ते तळाशी बसल्यावर गाळून घेतलं. बल्लव फोडणीचं पळं घेऊन उभा होता. त्याला आईने दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

त्या पाण्यात मुगाची आमटी केली. आजोबांनी वाटी संपवली, भात मागून घेतला आणि पुन्हा वाटी पुढे केली. बल्लवने तीनदा बोट बुडवलं. मीठ निम्मंच होतं. तरीही त्याने आजोबांचे खिसे तपासले. त्यात पापड निघाला, पण तो अख्खा होता.

"दाशी औषध आहे का?" मी विचारलं.

"नाही गं. नुसती प्यायली तर पोटही भरत नाही. थोडे क्षार, थोडं आयोडीन (गळ्यातल्या ग्रंथीला लागणारं मूलद्रव्य) मिळतं. आणि तेही अति झालं तर वाईटच. तिचं काम एवढंच, की मीठ कमी असूनही माणूस पानावरून उठत नाही."

मग घरात डाळ, दुधी, भाताची पेज, सगळं दाशीत शिजायला लागलं. वापरलेलं शेवाळ बारीक चिरून तिळाबरोबर परतलं, की चटणी व्हायची.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरबाईंनी यंत्राकडे दोनदा पाहिलं. दाब उतरला होता, वजन भरलं होतं. "जा," त्या म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या आणि रडले. आजोबांनी मला जवळ घेतलं, पण राहतो असं काही म्हणाले नाहीत. मला तेच बरं वाटलं.

आता आजोबा चंद्रावर आहेत. तिथली माणसं नळकांड्यांतलं जेवण खाऊन विटली होती. बरोबर नेलेल्या पट्ट्यांच्या पहिल्या आमटीला म्हणे रांग लागली. अशी आमटी पहिल्यांदा कोणी केली असं विचारल्यावर आजोबांनी माझं नाव सांगितलं. म्हणून त्यांच्या शेवाळाच्या टाकीवर आता पाटी आहे, "ऋजुताची खाडी". मी चंद्रावर अजून गेलेले नाही, पण माझी खाडी तिथे पोचली आहे. तिच्यातलं शेवाळ काढणीला यायला वेळ आहे. तोवर मी आईकडून भाकरी शिकते आहे, कारण नुसत्या आमटीवर चंद्रावरची माणसं तरी किती दिवस काढणार?